पहिलं पान गरिबाचं

ओढ्याकाठच्या एका गावात तात्याबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल तेवढं करायचा आणि सांगाल तसंच करायचा. एवढाच त्याचा दोष.

त्याची बायको गोजरा देवीचे शुक्रवार धरायची. ‘दारात पाणी येऊ दे, उद्यापन करीन,’ असं तिनं देवीला सांगितलं होतं. देवी पावली, दारात नळ आला. पण पाणीपट्टी भरायची वेळ आली, तशी गावातली मोठी माणसं मागच्या दारानं ये-जा करू लागली. पंपाचं वीजबिल थकलं. वायरमन म्हणाला, “शुक्रवारी दुपारपर्यंत भरा, नाहीतर वायर काढतो.” नेमका तोच शुक्रवार गोजराच्या उद्यापनाचा.

वसुलीला कोणी जाईना. सरपंचबाईंनी तात्याबाला धाडलं. “गोडीनं माग. ज्याची ऐपत नाही, त्याला मात्र छळू नकोस हं.”

“बरं, बाई.”

तात्याबा आधी हिंदुरावांकडे गेला. तीन मजली बंगला, गच्चीवर दोन टाक्या, बागेत थुईथुई कारंजं.

“दादा, पाणीपट्टी भरायची ऐपत आहे का?”

“कुठली ऐपत, तात्याबा! आमचे हाल कुत्रं खात नाही.”

तात्याबाचे डोळे भरून आले. त्यानं आपली शिदोरी सोडली आणि अर्धी भाकरी त्यांच्या ओट्यावर ठेवली.

भाजी विकणाऱ्या सोनाकाकूंनी विचारायच्या आतच कनवटीला हात घातला. “घे बाबा. नळ आल्यापासून माझे गुडघे वाचले.”

सरपंचबाई वैतागल्या. “अरे, माणसाच्या बोलण्यावर जाऊ नकोस! दारात काय उभं आहे ते बघ. त्यावरून ऐपत कळते.”

“बरं, बाई.”

दुसऱ्या दिवशी तो मुबारक फिटरकडे गेला. दारात चार ट्रॅक्टर आणि एक जीप.

“मुबारकभाई, गावात तुमच्याएवढं श्रीमंत कोणी नाही. पाच घरांची पट्टी काढा.”

“अरे, ते दुरुस्तीला आलेत! माझी स्वतःची सायकल पंक्चर आहे.”

हिंदुरावांच्या दारात मात्र एक लंगडी शेळी उभी होती. गाड्या आत, शटरमागे. शेळीसुद्धा दुसऱ्याची. तात्याबा फार हळहळला. आजही अर्धी भाकरी ठेवून आला. ती शेळीनं खाल्ली.

“दार सोड, तात्याबा!” सरपंचबाई म्हणाल्या. “जो पाणी जास्त वापरतो, त्यानं जास्त द्यायचं. एवढं तरी कळतंय ना?”

“कळलं, बाई.”

आणि तो महादेवाच्या देवळात जाऊन उभा राहिला. पिंडीवर दिवसरात्र धार चालू. तात्याबानं हात जोडले. “देवा, गावात सगळ्यात जास्त पाणी तुम्हाला लागतं. पट्टी काढा.”

पुजारी धावत आले. “अरे शहाण्या, देवाच्या दारात वसुलीला येतोस? मोठ्यांच्या दारात मागायला जाऊ नये. त्यांना जेवायला न्यायला जावं, तेही वाजतगाजत!”

“बरं, काका.”

शुक्रवार उजाडला. दुपार झाली. वायरमन खांबाला शिडी लावून उभा राहिला. गोजरानं पुरणपोळ्या झाकून ठेवल्या, एकदा नळाकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

“पाण्याचं देवी बघेल. तुम्ही एवढं करा, पहिलं पान गरिबाचं असतं. गावातल्या सगळ्यात गरीब माणसाला मानानं घेऊन या.”

तिच्या मनात होत्या सोनाकाकू.

तात्याबानं हलगीवाला बरोबर घेतला आणि वाजतगाजत थेट हिंदुरावांचा बंगला गाठला. आत मुलीला बघायला पाहुणे आलेले. चिवडा, पेढे, चांदीचे पेले.

“चला, दादा, जेवायला! गावात तुमच्याइतकं गरीब कोणी नाही.”

हलगी थांबली. पाहुण्यांचा पेढा हातातच राहिला.

“काय म्हणतोय हा?”

“खरंच, पाहुणे. सोनाकाकूंनी पट्टी भरली. यांना तेवढीही ऐपत नाही. शेळीपण उसनी आहे.”

हिंदुराव लालेलाल झाले. खिशातून नोटांची गड्डी काढून ओरडले, “घे! सगळी थकबाकी घे आणि चालता हो!”

तात्याबा दोन पावलं मागं सरला. “नको, दादा! ऐपत नसलेल्याला छळायचं नाही, असं बाईंनी सांगितलंय.”

आणि तो पळत सुटला. मागं नोटा नाचवत हिंदुराव, त्यांच्यामागं पाहुणे, सगळ्यांत मागं हलगीवाला. त्याला वाटलं मिरवणूक निघाली. त्यानं पुन्हा हलगी धरली. हलगी आता आपल्या दाराशी थांबते की काय, या धास्तीनं वाटेवरची मोठी घरं भराभर उघडली आणि जो तो पट्टी हातात घेऊन रस्त्यावर आला.

“घे रे, बाबा, घे!” हिंदुराव काकुळतीला आले.

“नाही, दादा, पाप लागेल!”

दारात गोजरा उभी होती. तिनं देवीचं नाव घेतलं आणि पदर पसरला. “द्या, भावजी. द्या सगळेच.”

वायरमन शिडी घेऊन परत गेला. नळ चालू राहिला.

गोजरानं सोनाकाकूंना पहिल्या पानावर बसवलं आणि दमलेल्या पाहुण्यांनाही वाढलं. पाहुणे पोटभर जेवले आणि परत हिंदुरावांच्या बंगल्याकडे निघाले. तेवढ्यात तात्याबा धापा टाकत मागून आला. त्यानं पुरणपोळ्यांचा डबा मुलाच्या वडिलांच्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाला, “रात्रीला असू द्या. होतं नव्हतं ते सगळं त्यांनी आत्ताच देऊन टाकलं. आज त्यांच्या घरी चूल पेटेल असं काही वाटत नाही.”