हातून न सुटणारी तलवार

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि माणसे ते ऐकतही असत, वज्रबाहू नावाचा सेनापती होता. एका लढाईत कालिंद नावाच्या मांत्रिकाने शस्त्र खाली ठेवून हात जोडले. वज्रबाहूने तरीही त्याचा वध केला.

कालिंदाची पत्नी कुरंगी धावत आली. पतीचे शिर मांडीवर घेऊन म्हणाली, "जिला तू आवरले नाहीस, ती तलवार आता तुझ्या हातून सुटणार नाही. दर पंधरवड्याला ती एक जीव घेईल. शत्रू नसेल, तर जवळचा."

तसेच झाले. मूठ तळव्याला चिकटली. पहिल्या पंधरवड्यात त्याचा घोडा गेला, दुसऱ्यात सारथी. तिसरा भरत आला तेव्हा वज्रबाहूने झोपाळ्यावर बसलेल्या आपल्या लेकीकडे, इरावतीकडे पाहिले आणि तो घर सोडून निघाला.

वाटेत एक भारद्वाज पक्षी बोलला, "सेनापती, पूर्वेच्या टेकडीवर विशोका नावाची भिक्षुणी आहे. तिला भेट."

विशोका पिंपळाखाली आपले भिक्षुवस्त्र, चीवर, शिवीत होती. तलवार पाहूनही तिची सुई थांबली नाही.

"माते, हा हात तोडून टाकू काय?"

"मारले ते हाताने नव्हे, रागाने. तीन कामे कर. वारुळापाशी नाग आडवा येईल, त्याला वाट दे. चिखलात हरिणी रुतली आहे, तिला काढ. मग कुरंगीकडे जा आणि खरे सांग. राग येईल. त्याच्याकडे पाहा, त्याचे ऐकू नकोस."

नागाने फणा काढला, तलवार उसळली. वज्रबाहू खाली बसून आपला श्वास पाहत राहिला. नाग त्याच्या पायावरून सरपटत गेला. तो हरिणीला चिखलातून काढत असताना तिने लाथ मारून त्याचे कपाळ फोडले. राग आला तो त्याने पाहिला. गेला तोही पाहिला.

पंधरवडा भरला त्या दिवशी कुरंगी अंगणात भात कांडत होती.

"तुमच्या पतीने शस्त्र ठेवले होते," वज्रबाहू म्हणाला. "मी ते पाहिले होते. राजाला सांगितले, लढता लढता पडला. ते खोटे होते."

कुरंगीने मुसळ उचलले आणि त्याच्या खांद्यावर हाणले. हाड मोडले. वाळल्या गवतासारखा वज्रबाहू आतून पेटला. तलवार तिच्या गळ्याकडे झेपावू लागली. त्याने ती रोखून धरली, आणि आतला वणवा विझेपर्यंत तो हलला नाही. मग एकेक बोट सैलावले. तलवार अंगणात पडली आणि पाहता पाहता गंजून माती झाली.

"मी क्षमा केलेली नाही," कुरंगी म्हणाली.

"मी मागितली नाही, बाई. तुमचे शेत पडीक आहे. खांदा सांधला की नांगरून देऊ?"

तिने मुसळ भिंतीला टेकवले. "बैल तापट आहे. त्याला मारायचे नाही."

"नाही मारणार."

पुढे वज्रबाहू नांगरत असताना राजा स्वतः शेताच्या बांधावर आला. "सेनापती, शेजारच्या राज्यावर स्वारी आहे. चला."

"महाराज, कालिंद शरण आला होता. आधी ते दरबारात जाहीर करा, मग मला दंड द्या."

आपण खोट्यावर विश्वास ठेवला याची लाज वाटून राजा माघारी गेला. त्याने सत्य जाहीर केले, स्वारी रद्द केली, आणि शरणागतावर शस्त्र उचलू नये असा कायदा केला. वज्रबाहूला दंड ठरला: जन्मभर कुरंगीचे शेत कसावे. त्याने मान तुकवली. इरावती बापापाशी येऊन राहिली.

सुगीच्या दिवशी दुपारी कुरंगी शेतावर आली. तिने फडके सोडून भाकरी मोडली आणि अर्धी वज्रबाहूपुढे ठेवली. दोघे जेवू लागली.