कमानी उभ्या राहिल्या, पाणी राहून गेले

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक साळू राहत असे. तिच्या अंगावर जसे काटे, तसेच जिभेवरही, असे सारे म्हणत. खरे तर तिला ढोंग खपत नसे, एवढेच. त्या वर्षी सात रानांची धावण्याची शर्यत या जंगलात भरायची ठरली आणि सिंहमहाराजांनी पाहुण्यांच्या स्वागताचे काम कोल्ह्यावर सोपवले. झाले! कोल्ह्याच्या अंगात वारेच शिरले. वाटेवर कमानी उभ्या राहिल्या, झाडांच्या खोडांना गेरू फासला गेला, माकडांची फांदीवर ओळीने बसून हात हलवण्याची तालीम सुरू झाली. साळूच्या बिळासमोरची वाट तर दोनदा उकरून दोनदा सारखी केली. "अरे, कालच केली होती ना?" तिने वैतागून विचारले. "काल देखरेखीवरच्या मोराने पाहिली नव्हती," काम करणारा ससा धापा टाकत म्हणाला.

साळू तडक कोल्ह्याकडे गेली. "पाहुणे भर उन्हातून येणार. ते पाणी कुठे पिणार, ते सांग."

"साळूताई, तळे आहे की! त्यात टोपल्याच्या टोपल्या पळसफुले टाकली आहेत. लांबून कसे केशरी दिसते बघ."

"अरे, फुले कुजली की पाणी नासेल!"

"ते पुढचे पुढे पाहू," म्हणून कोल्हा वळला तो कोरड्या ओढ्याकडे. तिथे रानडुकरांची वस्ती होती. पाहुण्यांना चिखल दिसू नये म्हणून त्याने वस्तीपुढे बांबूंचा उंच कूड घालायला सुरुवात केली. म्हाताऱ्या डुकरिणीने हळूच विचारले, "आणि आमची पिल्ले ओरडली तर?" कोल्हा म्हणाला, "चार दिवस ओरडू नयेत." साळूने कपाळावर हात मारला. ती सिंहाकडे गेली, तर महाराज म्हणाले, "कोल्हा सांगतो, सगळे चोख आहे. तू उगाच अपशकुन करू नकोस." आता बोलायचे तरी कुणाशी?

शर्यतीच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. चितळ, काळवीट, नीलगाई, सगळे धुळीने माखलेले. माकडांनी हात हलवले, मोर नाचला. पण पाहुणे धावले ते तळ्याकडे. तळ्यावर कुजक्या फुलांचा तवंग आला होता आणि वास तर असा, की पुढे गेलेले काळवीट नाक फिरवून मागे सरले. एक तरुण चितळ-मादी तिथेच कोसळली. तिची जीभ बाहेर आली. थोरली नीलगाय म्हणाली, "चला रे परत. इथे थांबलो तर धावायला कुणी उरणार नाही." कोल्हा आडवा धावला, "अहो, निदान कमानी तरी बघून जा!"

ते ऐकून साळूचा ताबा सुटला. डुकरे ओढा उकरून पाणी काढतात, हे तिला ठाऊक होते. ती धावत सुटली आणि काटे फुलवून कुडावर आदळली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिचे पाच-सहा काटे मोडून बांबूत अडकले, पण कूड कोसळला. पलीकडे डुकरांनी ओढ्याच्या वाळूत सुळ्यांनी खोल खड्डा उकरला होता आणि त्यात झिऱ्याचे स्वच्छ, गार पाणी साठले होते. म्हातारी डुकरीण उठली, पिल्लांना बाजूला घेत म्हणाली, "आधी त्या पडलेल्या पोरीला पाजा. बाकीचे ओळीने या, पाणी पुरेल सगळ्यांना."

पडलेल्या पोरीने डोळे उघडले. पाहुणे पोटभर पाणी प्यायले आणि डुकरांच्या वस्तीतच सावलीला टेकले. सिंहमहाराजांना वर्दी मिळाली तेव्हा ते धावतच आले. साळूला वाटले होते, आता या सिंहाला चांगले सुनावायचे. पण त्याची खाली गेलेली मान पाहून तिने फुलवलेले काटे मिटवून घेतले. सिंह डुकरिणीला म्हणाला, "बाई, तुम्हालाच आम्ही झाकायला निघालो होतो."

डुकरीण बाजूला सरली. म्हणाली, "महाराज, तुम्हीही उन्हातून आलात. पाणी घ्या."

तात्पर्य : पाहुण्यांपुढे मिरवण्यासाठी आपल्याच माणसांना आड लोटू नये, वेळेला तीच आपली लाज राखतात.