बाबांचं सोंग

"मग बाबांचं बिनसलं कुठं, तात्या? अख्खा महाराष्ट्र त्यांच्यावर जीव टाकतोय!"

हर्षल डोईफोडे ओट्यावर टेकायलाही तयार नव्हता. गेनूतात्या शेंगा फोडत शांत बसले होते. एके काळी तमाशात या सोंगाड्याची नुसती मान वळली, तरी लोक हसून लोळायचे.

कॉलेजात असताना हर्षल याच ओट्यावर शिकला होता. कधी बोलायचं, कधी थांबायचं. आता तो एकटा माईक घेऊन उभा राहिला की नाट्यगृह भरून जाई. त्यातही त्याच्या बाबांची, एस.टी.तल्या निवृत्त कंडक्टरची, तो करायचा ती नक्कल घरोघरी मोबाईलवर वाजत होती.

"अजिबात बोलत न्हाई?" तात्यांनी विचारलं.

"गणपतीपासून अक्षर नाही. भाजी वाढ म्हणायचं तरी ताटाकडं बोट करतात."

"झालं काय?"

"दुकानात साखर आणायला गेले होते. तोंड उघडायचा अवकाश, माणसं हसायला लागली. एकजण ओरडला, 'चला, पुढे सरका!' बस्स... तेव्हापासून."

तात्यांनी शेंग तोंडात टाकली.

"उद्या पुण्यात माझा सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे, तात्या. त्यांना पहिल्या रांगेत बसवायचंय. तेच हसले नाहीत, तर बाकीचे हसून मला काय? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. तुम्ही समजवा."

"आधी सोंग दाखव."

हर्षलला हेच हवं होतं. त्याने सोबत आणलेली कंडक्टरची कातडी पिशवी खांद्याला अडकवली, पोट पुढे काढलं आणि बाबा झाला. लग्नाच्या मांडवाच्या दारात उभा असल्यासारखा ओरडला, "मधे जागा आहे, आत सरका! ओ मामा, नवरीला घेऊन मागच्या दारानं चढू नका!" आरतीचं ताट फिरू लागलं तसा खेकसला, "सुट्टे हातात ठेवा!"

तात्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"फर्मास! लेका, माझ्याबी पुढं गेलास."

हर्षलची छाती फुगली. "बघा! तुम्हीसुद्धा हसलात. मग?"

तात्यांनी डोळे पुसले. हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी अलगद उतरवून घेतली.

"ही कुणाची?"

"भाड्यानं आणली. नाटकाचं सामान देतात तिथून."

"घरात एक असंल की."

"आहे ना. बाबांच्या खुंटीला."

"मग?"

हर्षलने पिशवी परत घ्यायला हात पुढे केला; तात्यांनी ती मांडीवर ठेवली.

"आमच्या फडात एक रीत होती," तात्या म्हणाले. "ज्या गावात खेळ, तिथल्या माणसाचं सोंग घ्यायचं तर सकाळीच त्याच्या घरी जायचं. त्याची टोपी, उपरणं, काहीतरी मागायचं. पाटलानं तर स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला फेटा बांधला. रातच्याला सगळ्यांत आधी हसला कोण? पाटील!"

"आणि कुणी दिलंच नाही तर?"

"तर ते सोंग न्हाई."

"असं झालं कधी?"

"झालं. एक लोहार होता. त्याचं चालणं, त्याचं खाकरणं... जन्मात तसं सोंग मला पुन्हा सापडलं न्हाई."

"मग कसं झालं ते?"

"कुणी बघितलंच न्हाई अजून."

ओट्यावर शेंगांची टरफलं वाऱ्याने हलत होती. हर्षल आता खाली बसला होता.

"मागू म्हणता? आज?"

"उद्या मागून काय करणार?"

"तुम्ही येता संगं?"

"सोंग कोण घेतंय? मी का तू?"

हर्षलने खिशातली गाडीची किल्ली काढली. घर तासाभराच्या वाटेवर होतं. तो उठला, पायरीवर थांबला. मागे वळला.

"तात्या... उद्याचा अर्धा कार्यक्रम बाबांवरच आहे. मी पिशवी मागितली... आणि ते 'नाही' म्हणाले तर?"

तात्या हसले.

"तर बोलले की रं, लेका!"