पाकळीची पाठ

तेव्हा नवरदेव घोडीवरूनच यायचे. मागं बँड, पुढं पोरं, आणि मधोमध धर्माची घोडी, पाकळी. जाईच्या कळीसारखी पांढरीशुभ्र, कानांची इवली टोकं गुलाबी. आमलवाडीतल्या आयाबायांना स्वतःच्या वराती आठवतात त्या पाकळीसकट.

धर्माची लेक सगुणा पाकळीला टेकूनच झोपायची. घरात आई नव्हती आणि पांघरूण एकच होतं.

पण पाकळीची पाठ झोळीसारखी खाली आली होती. पोट लोंबायचं, खोगीर ठेवलं की ती थरथरायची. होणारच. घोडी रुबाबदार दिसावी म्हणून सगळे घोडेवाले वरातीत तिची मान वर ताणून खोगिराला बांधायचे. मान वर ताणली की पाठ खाली जाते. एवढं साधं कुणाला कळत नव्हतं, आणि कुणाला कळून घ्यायचंही नव्हतं.

"पाटलांची वरात निघू दे," धर्मा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी हिला बाजारात नेतो."

"आबा, पाकळीला विकणार?"

"बसल्या जनावराला चारू काय, सगे?"

सगुणा पाकळीला घेऊन ओढ्याकाठच्या पेरूच्या बागेत गेली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. तेवढ्यात गोकर्णाच्या निळ्या फुलातून करंगळीएवढी परी बाहेर आली. पंख चतुर किड्याचे, झगा मोरपंखी, पायांत दवाचे पिटुकले पैंजण.

"रडू नको गं बाय. नवी घोडी देऊ? सोन्याच्या नालांची?"

सगुणानं नाक पुसलं. "नवी नको. हिचं दुखणं थांबव."

परी गोड हसली. "पाठ तिची तिलाच उचलावी लागेल. तिचं दुखणं तुला दिसेल, एवढं मी करते." तिनं पाकळीच्या पाठीवर बोट टेकवलं. तिथं गुंजेएवढा लालचुटूक ठिपका चमकला. "हा तुलाच दिसेल. आता नियम ऐक. हिची मान बांधू द्यायची नाही. ओढायचं नाही, लाडानं बोलवायचं. ठिपका निखाऱ्यासारखा पेटला की थांबायचं. एक जरी मोडलास तर जादू विझली."

मग रोज सकाळी बाग गजबजायची. सगुणा पाकळीच्या पुढच्या पायांमधून गाजर दाखवी. पाकळी मान खाली घालून ते घेऊ लागली की पाठ हळूच वर येई. मग गाजर डाव्या बरगडीपाशी, मग उजव्या. छातीखाली बोटांनी खाजवलं की पोट आत जाई आणि पाठ मांजरीसारखी फुगे. परीनं पडक्या फांद्यांना इंद्रधनुष्याचे रंग दिले होते. पाकळी त्यांवरून टपटप पाय उचलत जाई, आणि मग टेकाड चढे. ठिपका आधी केशरी झाला, मग हळदी, मग मोत्यासारखा.

पाणी भरणारी गोदाकाकू हसली. "सगे, घोडीला तालमीत घालतेस का काय?"

"घातली असती काकू. पण तुमचा बाब्याच तिथं दिवसभर लोळत असतो."

पाटलांची वरात उभी राहिली. पाकळीवर जरीची झूल होती. सवयीनं धर्मानं दोरी घेतली आणि मान वर ताणून तो ती करकचून बांधू लागला. झुलीतूनही सगुणाला ठिपका निखाऱ्यासारखा लाल झालेला दिसला. पाकळी थरथरली.

सगुणा पुढं झाली आणि सगळ्यांदेखत दोरी सोडली.

"सगे, हात काढ."

"नाही काढणार. तिला दुखतंय, आबा."

"पाटलांसमोर घोडी मान खाली घालून चालेल. कळतंय का तुला?"

"चालू दे. मग मला मारा."

पाकळीनं मान खाली सोडली. बँडवाले हसले, कुणीतरी म्हणालं, "पेंगली वाटतं." पण पाकळीनं पोट आवळलं. पाठ वर आली, आणि तिची मान आपोआप बाकदार उचलली गेली, कमळाच्या देठासारखी. जाडजूड नवरदेव पाठीवर घेऊन ती अशी डौलात निघाली, की बँडवाला वाजवायचं विसरला.

वरात बागेपाशी आली तेव्हा पेरूच्या पानापानांतून सोनेरी उजेड उसळला. "शाब्बास गं बाय," एवढंच ऐकू आलं, आणि चिमुकली परी त्या उजेडात विरघळून गेली.

बाजाराच्या दिवशी सगुणा उठली तर पाकळी दारात नव्हती. सगुणा धावत बागेत गेली.

ओल्या गवतात धर्मा पाकळीच्या छातीखाली वाकून बसला होता, बोटांनी खाजवत.

"सगे," तो म्हणाला, "नीट करतोय ना मी?"