कुलूप कोणी लावलं?

एका बाजारगावात कस्तुरा नावाची बाई शिवणाचा छोटा कारखाना चालवत होती. अकरा बायका तिथे शाळांचे गणवेश शिवत. मोठी मागणी आली की कस्तुरा दाराला बाहेरून कुलूप लावी. बायका मधेच घरी गेल्या तर माल वेळेवर कसा जाणार?

शहरातल्या व्यापाऱ्यांशी बोलता यावं म्हणून ती दुपारी वाचनालयात इंग्रजी शिकायला जाई. तिथल्या मॅडम तिला सोप्या इंग्रजीतली गोष्टींची पुस्तकं देत. कुठे दुष्काळात गाव सोडणारी माणसं, कुठे शाळा सोडावी लागलेल्या मुली. वाचताना कस्तुराचे डोळे भरून येत. “जगात किती अन्याय आहे हो, मॅडम!” ती म्हणे.

एके दिवशी हाती आलेली गोष्ट परदेशातल्या एका शिवण कारखान्याची होती. तिथे आग लागली. दार बंद होतं. आतल्या मुली बाहेर पडू शकल्या नाहीत.

पुस्तकाच्या शेवटी प्रश्न होते. मॅडमनी पहिला वाचला, “दाराला कुलूप कोणी लावलं होतं?”

मालकाने. एवढंच उत्तर. तो इंग्रजी शब्द कस्तुराला पाठ होता, पण तोंडातून निघेना.

“अवघड आहे का, कस्तुराताई?”

“नाही, सोपं आहे,” असं म्हणत ती उठलीच.

‘आपल्याकडे कुठे आग लागते!’ वाटेत ती स्वतःला समजावत होती. मग तापलेली इस्त्री आठवली. कापडाचे ढीग आठवले. खिडक्यांचे गज आठवले. निघताना बाहेरून लावलेलं कुलूप आठवलं. चालता चालता ती पळू लागली.

तिने घाईघाईने कुलूप काढलं. आत सगळं ठीक होतं. मशिनी चालू होत्या.

“ताई, आज लवकर आलात?” हलीमाने विचारलं. ती तिथली सर्वांत जुनी कारागीर.

“कुलूप असताना तुम्हाला भीती वाटते का गं?”

मशिनी थांबल्या. हलीमा म्हणाली, “दर वेळी वाटते. पण किल्ली तुमच्याकडे. बोलायचं कसं?”

त्या दिवसापासून दार उघडं राहिलं. त्याच आठवड्यात दोघी मधेच घरी गेल्या. माल दोन दिवस उशिरा पोचला. व्यापाऱ्याने फोनवर फैलावर घेतलं. कस्तुराने मुकाट्याने ऐकून घेतलं, तिला काळजीही वाटली. पण कुलूप तिने पुन्हा लावलं नाही.

तात्पर्य: दूरच्या अन्यायाची गोष्ट वाचून रडणं सोपं असतं; तोच अन्याय आपल्या हातून होत असेल तर तो थांबवला, तरच ती गोष्ट आपल्याला कळली.