सारजाबाईंच्या टर्क्या

एका गावात एक भोळा घरजावई होता. भोळा हा शब्द चारचौघांतला. घरात सासू वेगळा शब्द वापरायची.

त्याचं नाव गेणू. सासू सारजाबाईंनी पिल्लांपासून चाळीस टर्क्या वाढवल्या होत्या. एक दिवस टर्क्या शिंकू लागल्या. नाकाला पाणी, डोळे सुजलेले, गळ्यात घरघर. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "जिवाणूंचा आजार आहे. एकीचा दुसरीला लागतो. हयगय केलीत तर शेड रिकामी होईल. ही पूड पाण्यातून द्या."

सारजाबाईंनी पुडा जावयाकडे दिला. तो हौदात गळ्यापर्यंत उतरला नि तिथून ओरडू लागला, "या गं बायांनो, औषध घ्या!" पुडा हातातच विरघळला.

"अहो जावईबापू, पाण्यात कालवायचं आणि त्यांच्यापुढं ठेवायचं!"

"हात्तिच्या! पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी आलं भाताचं तूस, शेडमध्ये अंथरायला. त्यानं ते पाण्यात कालवलं नि टर्क्यांपुढं ओतलं. जमीन चिकचिकली, वास कोंडला, घरघर वाढली. दहा टर्क्या गेल्या.

"अहो, कोरडं पसरून पायानं दाबायचं असतं! मेंदू घरी ठेवून आलात का?"

"तुम्ही आणायला सांगितला नव्हता."

पुढच्या वेळी आला औषधाचा दुसरा पुडा. त्यानं तो शेडभर कोरडाच पसरला आणि पायानं छान दाबला. आणखी बारा गेल्या. धडधाकट अठरा उरल्या. त्या सारजाबाईंनी उचलून दूरच्या खोलीत ठेवल्या.

शेजारीण डोकावली. "हेच का जावई?"

"हाच आमचा नमुना. बघून घे," सारजाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा फोन आला. आता अंदाजानं औषध नाही, आधी तपासणी. सारजाबाईंनी शेवटची मेलेली टर्की बर्फाच्या खोक्यात घातली. "जावईबापू, नमुना बर्फातूनच दवाखान्यात गेला पाहिजे. या अठरा जणींचा जीव त्यावर आहे. कळलं?"

"कळलं की."

टेम्पोवाल्यानं खोकं दवाखान्यात उतरवलं. डॉक्टरांनी झाकण काढलं. आत गुडघे पोटाशी घेऊन गेणू कुडकुडत होता.

"नमुना कुठंय?"

"मीच तो. सासूबाईंना विचारा."

"आणि टर्की?"

"बर्फात एकालाच जागा होती. शिवाय ती बिचारी गारठली होती. तिला उबेला त्या अठरा जणींच्या मधोमध निजवून आलोय."