हैबती पाणाड्या आणि पाण्याचं माहेर

आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली होती, इतकी ती जुनी आहे. खानदेशात डोंगराच्या कुशीत उंबरझिरे नावाचं गाव. त्या गावाच्या सुनेची, राहीची ही गोष्ट. आणि तिच्या बापाची.

राहीचा बाप हैबती. तो पाणाड्या होता. पाणाड्या म्हणजे जमिनीच्या पोटातलं पाणी ओळखणारा माणूस. त्या मुलखात कुणाला विहीर खणायची झाली, की आधी हैबतीला बोलावणं जायचं. तो यायचा, वहाणा काढायचा आणि अनवाणी शेतभर हिंडायचा. उंबर कुठे उगवलाय ते बघायचा, वारूळ कुठल्या अंगाला आहे ते बघायचा, चिमूटभर माती जिभेवर ठेवून चाखायचा. मग पालथा पडून जमिनीला कान लावायचा. बघायला आलेली माणसं श्वास रोखून उभी राहायची. तो उठायचा, कानाची माती झटकायचा, टाचेनं खूण करायचा आणि म्हणायचा, "हं. इथं."

त्याची खूण कधी चुकली नाही, असं म्हणतात. एका गावात त्यानं उघड्या कातळावरच टाच ठेवली होती. खणणारे हसले. पण पहार आत गेली आणि पाणी असं उसळलं, की खाली उतरलेला गडी वर यायच्या आधी त्याचं भाकरीचं गाठोडं तरंगत वर आलं.

पाणी दाखवून झालं, तरी हैबती लगेच घरची वाट धरत नसे. बिदागी घेत नसे. गावातल्या सगळ्यांना घेऊन तो वरच्या उतारावर जायचा. तिथं कुठेतरी दगडगोट्यांची, गवताची, भुसभुशीत जागा असायची. तिच्याभोवती तो फिरायचा आणि सांगायचा, "हे तुमच्या पाण्याचं माहेर. पावसाळ्यात पाणी इथं येतं, इथं विसावतं, आणि मग तुमच्या विहिरींना नांदायला जातं. इथं खणायचं नाही. इथलं झाड तोडायचं नाही. माहेर मोडलं, तर लेक कुठल्या तोंडानं परत येईल?"

लोक माना डोलवायचे. हीच त्याची बिदागी.

हैबतीची बायको लवकर गेली होती. राहीला त्यानं एकट्यानंच वाढवलं आणि उंबरझिऱ्याच्या तोताराम पाटलाच्या मुलाला, सुपडूला दिली. खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. राहीला न्यायला हैबती स्वतः गाडी घेऊन यायचा. घरी नेऊन तिच्यासाठी खापरावर पुरणपोळी भाजायचा. पोळी एका अंगानं करपायची, दुसऱ्या अंगानं कच्ची राहायची. राही म्हणायची, "नाना, जमिनीतलं पाणी दिसतं तुम्हाला, आणि खापराखालचा जाळ दिसत नाही?" आणि दोघं करपलेली पोळी आमरसात बुडवून खायची. वर्षभर राही त्या दिवसाची वाट बघायची.

मग काय झालं, तोताराम पाटलाला उसाचं वेड लागलं.

तोताराम तसा दिलदार माणूस, दिल्या शब्दाला जागणारा. पण एकदा एखादी गोष्ट मनात भरली, की ती त्याला झोपू द्यायची नाही. त्याच्या विहिरीवर सकाळपासून मोट चालायची, तरी उसाला पाणी पुरेना. दसरा झाला आणि त्यानं व्याह्याला बोलावणं धाडलं.

हैबती आला. शेत फिरला. कान लावला. या खेपेला तो बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा त्यानं टाच टेकली नाही.

"काय झालं व्याही?" तोताराम म्हणाला. "पाणी झोपलंय का?"

"जागं आहे," हैबती म्हणाला. "पण त्याच्या अंगावर जेवढी लेकरं आहेत, तेवढीच पुरे. आणखी एक विहीर घ्याल, तर आहेत त्या उपाशी मरतील."

"अहो, सगळ्या मुलखाला विहिरी दाखवल्यात. आणि लेकीच्या दारात आल्यावर हात आखडता?"

"लेकीच्या दारात आलो, म्हणूनच खरं सांगतो."

तोताराम पाटलाचं तोंड उतरलं, आणि मग ते लाल झालं. भरल्या ओसरीवर तो म्हणाला, "मग माझंही ऐका. माझी नवी विहीर लागेल, त्या दिवशी तुमची लेक माहेरी येईल. तोवर नाही."

राही दाराआड गुळपाण्याचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं. बापानं एकदा तिच्याकडे पाहिलं. एक टाच टेकवायची, की लेक माहेरी. कुठंही टेकवली असती तरी पाणी लागलं असतं, आणि बाकीच्या विहिरी कशानं आटल्या ते कुणाला कळलं नसतं. राहीला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि ती पुढे आली.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही निघा. दिवस मावळायच्या आत घरी पोचाल."

हैबतीनं वहाणा पायात घातल्या आणि तो गेला.

आता गंमत ऐका. हैबती गेल्यावर तोताराम ओसरीवर बसून राहिला. बसता बसता त्याला एकाएकी हसू आलं. सुपडूला त्यानं हाक मारली.

"सुपड्या, तुझा सासरा चुकून पाणी दाखवून गेला रे."

"कुठं? ते तर नाही म्हणाले."

"अरे, मागे आपली जुनी विहीर दाखवली, तेव्हा वर माहेर म्हणून जागा दाखवली होती ना? इथं खणू नका म्हणाला होता ना? जिथं खणू नका म्हणतो, तिथंच सगळ्यांत जास्त पाणी असणार."

गावालाही ते पटलं. इतक्या वर्षांत हे आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. कुदळी निघाल्या, पहारी निघाल्या, हलगीवाला निघाला. माहेरावरची झाडं आडवी झाली. माती मऊ, खणणारे हातपायांनी उकरल्यासारखे खाली गेले. आणि दिवाळीच्या तोंडावर झरा फुटला.

तसं पाणी कुणी पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. काठोकाठ भरून ते बाहेर वाहू लागलं. मोट नको, बैल नकोत. पाट काढला, की पाणी आपलं आपण धावत उसात. म्हाताऱ्या त्या पाण्यात पाय सोडून बसल्या, पोरं भिजली, तोताराम पाटील धोतर खोचून कारंज्यात नाचला. राहीनंही ओंजळभर पाणी प्यायलं. ते गोड होतं, पण दुसरी ओंजळ तिनं भरली नाही.

तोतारामनं तिथंच सांगितलं, "सुपड्या, गाडी जोड. विहीर लागली. सून माहेरी जाईल. मी दिला शब्द मोडत नाही."

सगळे राहीकडे बघू लागले. राहीनं पदर सावरला.

"मामंजी," ती म्हणाली, "ज्याचं माहेर मोडलं, तेच पाणी पिऊन मी माझ्या माहेरी कशी जाऊ? हे पाणी त्याच्या माहेरी जाईल, त्या दिवशी मी माझ्या जाईन."

"येड लागलं सुनेला," कुणीतरी म्हणालं. पण हलगी थांबली ती थांबलीच.

पाणी रात्रंदिवस वाहत राहिलं. कुणी ते अडवलं नाही; वाहणारं पाणी अडवायची कुणाला सवयच नव्हती. संक्रांतीला डोंगराजवळच्या विहिरीत मोट चिखल घेऊन वर आली. मग त्याखालची विहीर आटली. मग त्याखालची. होळीच्या सुमारास तोतारामच्या नव्या विहिरीचं कारंजंही बसलं, पाटात बेडकं मेली, आणि उंबरझिऱ्याच्या बायका हंडे घेऊन दूर नदीच्या वाळूत झिरे उकरायला जाऊ लागल्या. गुरं दावणीला हंबरायची. काही घरांनी भांडीकुंडी गाडीत भरली. कुठं जायचं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एक दिवस राही रिकामा हंडा घेऊन त्या कोरड्या खड्ड्याच्या काठाशी गेली. वाकली आणि आत तोंड घालून तिनं हाक मारली, "नाना, या हो."

हैबतीचं गाव तिथून दोन नद्यांपलीकडे. पण तो तेव्हा आपल्या अंगणात पालथा पडला होता, आणि ती हाक त्याला जमिनीतून ऐकू आली, असं म्हणतात. त्यानं वहाणाही घातल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी उंबरझिऱ्याच्या वेशीत माणसं बघतात, तर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला हैबती समोर.

तो कुणावर रागावला नाही. खड्ड्यात उतरला, भिंती चाचपल्या, तळाला कान लावला. वर येऊन म्हणाला, "आहे. अगदी खाली, अंग चोरून बसलंय. हा खड्डा बुजवायचा, माहेर पुन्हा बांधायचं. आणि तोवर सगळ्या मोटा सोडायच्या. विहिरींच्या तळाला उरलंसुरलं असेल ते तसंच ठेवायचं, सगळ्या गावानं नदीच्या झिऱ्यांचंच पाणी प्यायचं. माणूस, गुरं, बस."

"आणि ऊस?" तोताराम म्हणाला.

"ऊस नाही."

"व्याही, माझा उभा ऊस वाळवायला आलात का तुम्ही?"

"ऊस तुम्हाला पुन्हा लावता येईल," हैबती म्हणाला. "पाणी लावायला बियाणं नाही माझ्याकडं." मग तो जरा थांबला. "चूक माझीही आहे. कुठं खणायचं ते सांगत मी मुलूखभर फिरलो. किती उपसायचं, ते कधी सांगितलं नाही."

तोताराम पाटलानं उसाकडं पाहिलं. मग दाराशी रिकामे हंडे ठेवून बसलेल्या बायकांकडं पाहिलं. त्यात त्याची सूनही होती. तो वळला. मोटेवर गेला, बैलांना जुंपलेला नाडा सोडला आणि आपले बैल दगड ओढायला वर घेऊन आला.

मग काय विचारता. गाव नुसतं डोंगराला भिडलं. गाड्या भरभरून दगड येऊ लागले. कुठला धोंडा कुठं बसवायचा ते हैबती सांगायचा. झऱ्याच्या तोंडाशी मोठे धोंडे, पण एकमेकांत फट ठेवून, म्हणजे झरा गुदमरणार नाही. त्यावर गोटे, त्यावर मुरूम, त्यावर वाळू, वर काळी माती. उतारावर आडवे चर खणले, म्हणजे पाऊस पळून जाणार नाही. ज्यांनी गाड्या भरल्या होत्या, त्यांनी भांडीकुंडी उतरवून त्याच गाड्यांत दगड भरले. बायका जात्यावरची गाणी म्हणत माती वाहत होत्या. सुपडूच्या हाताला फोड आले, तेव्हा हैबती म्हणाला, "जावईबापू, आता कुठं तुम्ही नांदायला लागलात." आणि चरातली सगळी माणसं हसली.

त्यातच अखाजी आली. बाप तिथंच, लेक तिथंच. "आता तरी जा, चार दिवस राहून ये," सुपडू म्हणाला. राहीनं मानेनं नाही म्हटलं. पाणी अजून त्याच्या माहेरी गेलं नव्हतं.

पावसाळा लागला. चर भरले, मुरले, पुन्हा भरले. गावचा नाला त्या वर्षी वाहिलाच नाही; सगळा पाऊस डोंगरानं पिऊन टाकला. पण विहिरी कोरड्याच. आषाढ संपत आला. लोक विहिरींत डोकावून जायचे. "माहेरी गेलेलं पाणी तिथंच रमलं वाटतं," कुणी टोमणा मारायचं. हैबती मात्र माहेरावर कान लावून पडलेला असायचा. खायचा तिथं, निजायचा तिथं. राही भाकर घेऊन जायची, शेजारी बसायची.

श्रावणातल्या एका सकाळी हैबती ताडकन उठून बसला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की राहीला तो ओळखू आला नाही.

"निघालं," तो म्हणाला. "लेक नांदायला निघाली. पळ, पोरी, गाठ तिला."

राही उठली आणि पळाली. वरच्या विहिरीशी पोचते तर तळाशी खडकाच्या फटीतून बुडबुडे. मग धार. राहीनं हाक दिली आणि सगळं गाव धावत सुटलं. जमिनीच्या पोटातून पाणी पुढे, वरून माणसं मागे. दुसरी विहीर, आली धार. तिसऱ्या विहिरीशी माणसं आधी पोचली, धापा टाकत आत बघत राहिली, आणि बघता बघता तळ ओला झाला. म्हातारे काठ्या टाकून पळत होते. एक बाई पिठाचे हात घेऊन पळत होती. माणसांनी त्या दिवशी पाण्याशी शर्यत लावली, असं म्हणतात, आणि शेवटच्या विहिरीशी दोघं एकदमच पोचली. ती तोताराम पाटलाची जुनी विहीर. पाटील काठावर गुडघे टेकून बसला होता. खालून पाण्याचा आवाज आला, तशी त्यानं पगडी काढून मांडीवर ठेवली.

"राही," तो म्हणाला, "गाडी जोडायला सांगतो. तुझ्या बापाला बोलव."

राही पुन्हा डोंगर चढली. माहेरावर कुणी नव्हतं. हैबती पडून असायचा ती जागा तेवढी दबलेली होती, आणि तिथं हात ठेवला, तर माती गार लागत होती. सगळ्या मुलखात शोध घेतला. त्याच्या घराला कुलूपही नव्हतं आणि आत तोही नव्हता. कुणी म्हणतात, तो पाण्याला पोचवायला गेला. कुणी म्हणतात, त्याला दूरच्या कुठल्या गावची हाक ऐकू आली.

पुढच्या अखाजीला तोतारामनं खरोखरच गाडी जोडली. "कुठं जाऊ, मामंजी?" राही म्हणाली. "माझं माहेर वर आहे." तिनं तांब्याभर पाणी घेतलं, डोंगर चढली, ते पाणी त्या मातीवर ओतलं, कान लावून बराच वेळ पडून राहिली. खाली आली तेव्हा ती हसत होती. काय ऐकलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

अजूनही उंबरझिऱ्यात अखाजीला विहिरींवर पोहरा पडत नाही. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवतात. त्या दिवशी पाणी माहेरी असतं. गावच्या लेकी आपापल्या सासरचं तांब्याभर पाणी घेऊन येतात आणि घरी पाऊल टाकायच्या आधी डोंगर चढून ते माहेरावर ओततात. आणि कुणाला नवी विहीर घ्यायची असेल, तर तो तिथंच, त्या लेकींना विचारतो. त्या एकेक करून कान लावतात. त्यांनी हो म्हटलं तर कुदळ पडते.

अलीकडे एकानं बोअर घ्यायचं ठरवलं. बोअर मारणारी गाडी वेशीत येऊन उभी राहिली होती. त्याची लेक त्याच वर्षी सासरी गेलेली, पहिल्याच अखाजीला आलेली. तिनं कान लावला, उठली, आणि बापाकडे बघून मानेनं नाही म्हटलं. बाप वेशीत गेला. गाडी परत पाठवली, घरी आला आणि तिच्या पानात पहिली पुरणपोळी वाढली.